बंद लायब्ररींतील नांवें

मुळशी तालुक्यांतील कोळवणहून पुण्यास निघालेल्या प्रवाशानें भ्रमणध्वनीवर ‘पिरंगुट’ हें वाटेवरील गांवाचें नांव लिहिलें, तर त्याचीं बोटें आधीं प आणि मग वेलांटी उमटवितात. यंत्राच्या स्मरणांतहि क्रम तोच राहतो; पडद्यावर मात्र वेलांटी प च्या अलीकडे जाऊन बसते. अँड्रॉइडवर ही अदलाबदल हार्फबझ नांवाची लायब्ररी करते. फारसी शब्दांवरून घेतलेल्या या नांवाचा अर्थ ‘खुलें अक्षर’.

नांव खुलें असलें, तरी कंपायलरमधून बाहेर पडलेली लायब्ररी म्हणजे निव्वळ अंकांची रास. मनुष्यानें लिहिलेला मूळ मजकूर तींत उरत नाहीं. मग तिच्या पोटांत कोणकोणतीं फंक्शनें आहेत, हें दुसऱ्या प्रोग्रामास कळावें कसें?

लिनक्सवर अशा फाइलीची बांधणी ईएलएफ पद्धतीची असते व तींत नांवांच्या दोन याद्या असूं शकतात. मोठी यादी मुख्यतः दोष शोधणाऱ्याच्या सोयीची; स्ट्रिप या हत्यारानें ती खरवडून टाकतां येते. दुसरी लहान यादी टाकून चालत नाहीं, कारण प्रोग्राम सुरू होतांना लोडरास हवें तें फंक्शन तींतूनच हुडकावें लागतें. एनएम ही आज्ञा मोठ्या डी च्या खुणेसह दिली कीं हीच यादी समोर येते, आणि हार्फबझच्या यादींत ‘एचबी-शेप’ हें अक्षरें मांडणारें मुख्य फंक्शन सांपडतें. प्रोग्रामनें स्वतः विचारपूस करावयाची तर डीएलओपन लायब्ररी उघडून देतें आणि डीएलसिम नांवावरून पत्ता सांगतें. गंमत अशी कीं, डीएलसिमला नांव आधींच सांगावें लागतें. ‘सर्व नांवें सांग’ म्हटल्यास तें मुकें. त्यासाठीं फाइलच वाचावी लागते.

खरी अडचण यापुढें आहे. सी भाषेंतील फंक्शनाचें नांव हातीं आलें, तरी त्यास किती मूल्यें द्यावयाचीं व कोणत्या जातीचीं, याची नोंद यादींत नसते. एचबी-शेपला चार लागतात: फाँट, अक्षरांचा सांठा, वैशिष्ट्यांची यादी आणि त्या वैशिष्ट्यांची संख्या. हें हेडर फाइलींत लिहिलेलें असतें, लायब्ररींत नव्हे. अंदाजानें तीनच दिलीं, तर यंत्र हरकत घेत नाहीं. चौथ्या जागीं पडून राहिलेला केरकचरा तें संख्या समजून वाचतें, आणि प्रोग्राम कोसळतो. किंवा, याहून वाईट म्हणजे, चुकीचें उत्तर देत निमूट चालत राहतो. जावा आणि डॉटनेट यांच्या फाइली ही माहिती सोबतच बाळगतात. तेथें रिफ्लेक्शननें फंक्शनास त्याचें सारें कूळ विचारतां येतें.

हार्फबझचा मूळ मजकूर सर्वांस उपलब्ध असल्यामुळें शंका तेथल्या तेथें फिटते. कर्ता निघून गेलेल्या बंद लायब्ररीचें तसें नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यास १९९९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, प्रोग्राम कायदेशीरपणें बाळगणाऱ्यास दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रामाशीं मेळ घालण्यापुरती माहिती, ती अन्यत्र सहज मिळत नसल्यास, काढून घेण्याची मुभा दिली आहे. मग यंत्राच्या आज्ञा एकेक उलगडून, फंक्शन कोणकोणत्या रजिस्टरांतून मूल्यें उचलतें तें पाहावयाचें. चार रजिस्टरें वाचलीं गेलीं तर मूल्यें बहुधा चार. चौथें संख्या कीं पत्ता, हें मात्र पुढें त्याचा उपयोग कसा होतो त्यावरूनच ताडावें लागतें.