एक, तीन, चार, दोन



घरीं मोटार असावी आणि ती आपल्याच हातानें दुरुस्त करावी, अशी हौस असणारीं माणसें आपल्या समाजांत थोडीं नाहींत. रविवारची सकाळ, चहाचा दुसरा पेला, अंगांत जुना सदरा आणि पुढें उघडें बॉनेट, एवढी सामग्री जमली कीं अशा गृहस्थाला स्वर्ग दोन बोटें उरतो. मीहि त्यांतलाच एक. माझ्या वडिलांनीं घेतलेली पद्मिनी गाडी अजून आमच्या दारांत उभी आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीच्या फियाट ११०० ह्या गाडीच्या नमुन्यावर ही गाडी तयार होत असे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती कित्येक वर्षें धांवली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें तेथील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेंहि रस्त्याचा निरोप घेतला. गाडीचें हें कूळ सांगण्याचें कारण एवढेंच कीं, तिचें एंजिन जुन्या, उघड्या घडणीचें आहे. त्यांत काय कोठें आहे तें डोळ्यांना दिसतें; आणि जें दिसतें तें आपल्याला समजलें, असा भ्रम मनुष्याला फार लवकर होतो. त्या भ्रमापायीं आमच्या घरीं जो प्रसंग ओढवला, तो आज आपणांस सांगणार आहें.

माझ्या आईच्या डोळ्यांतील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका सोमवारीं सकाळीं ठरली होती. आदल्या दिवशीं गाडी नीटनेटकी करून ठेवावी म्हणून मीं चारी स्पार्क प्लग काढले, तारेच्या ब्रशानें त्यांवरची काजळी साफ केली, गॅप तपासली, आणि हात लागलाच आहे तर प्लगांच्या तेलकट झालेल्या ताराहि पुसून घ्याव्या म्हणून त्या चारी एकदम उपटल्या. मदतीला भाचा होता. तो म्हणाला, “मामा, कोणती तार कोठली तें लिहून ठेवूं का?” मी हंसलों. म्हटलें, “अरे, क्रम मला तोंडपाठ आहे. एक, तीन, चार, दोन.” त्याच क्रमानें मीं तारा परत बसविल्या, बॉनेट लावलें आणि समाधानानें जेवावयास गेलों. गाडी चालू करून पाहण्याची गरज मला वाटली नाहीं.

सोमवारीं सकाळीं आई मागच्या आसनावर बसली. किल्ली फिरविली तों एंजिन सुरू झालें. पण तें चालणें म्हणजे एखाद्या लंगड्यानें जिना उतरावा तसें. सारी गाडी थरथरूं लागली आणि क्षणांत बंद पडली. पुन्हां प्रयत्न, पुन्हां तेंच. घड्याळ पुढें सरकत होतें. पेट्रोल येत नसेल अशी शंका घेऊन मीं कार्ब्युरेटरवरचा एअर क्लीनर काढला, भाच्याला आंत पाहावयास सांगितलें, आणि मी स्टार्टर मारला. ‘फट्’ असा आवाज झाला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडांतून हातभर ज्वाळा वर आली. मुलाची एक भिवई करपली. डोळा वांचला, तो केवळ दैवानें. आईचा डोळा बरा करावयास निघालेला मी भाच्याचा डोळा घालवून बसलों असतों. आम्हीं रिक्षा बोलाविली आणि वेळेवर पोंचलों. सायंकाळीं गल्लीतले जुने मिस्त्री आले. त्यांनीं डिस्ट्रिब्यूटरकडे एकवार पाहिलें, दोन तारांची अदलाबदल केली, आणि एंजिन शिलाईच्या यंत्रासारखें चालूं लागलें. ते म्हणाले, “साहेब, आंकडे तुमचे बरोबर होते. पण फिरलांत उलटे.”

पाठ बरोबर, आणि तरी काम चूक, हें कसें घडलें? तें समजण्यासाठीं एंजिनाच्या पोटांत थोडें डोकावलें पाहिजे.

पेट्रोलच्या एंजिनांत सिलिंडर म्हणजे नळकांडीं असतात आणि प्रत्येकांत एक दट्ट्या खालीं-वर होत असतो. जर्मनींत निकोलाउस ओटो यांनीं १८७६ सालीं जें चार फेऱ्यांचें एंजिन यशस्वी केलें, त्याच तत्त्वावर आजचीं एंजिनेंहि चालतात. दट्ट्या पहिल्या फेरींत खालीं जातो आणि पेट्रोल व हवा यांचें मिश्रण ओढून घेतो; दुसऱ्या फेरींत वर येऊन तें दाबतो; दाब पुरा होण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पडते, मिश्रण पेटतें आणि तिसऱ्या फेरींत दट्ट्या जोरानें खालीं लोटला जातो; चौथ्या फेरींत तो वर येऊन जळालेला धूर बाहेर टाकतो. चार फेऱ्यांत काम एकाच फेरीचें; बाकीच्या तीन त्या कामाची तयारी आणि आवराआवर. म्हणून चार सिलिंडर घेऊन पाळी अशी बांधतात कीं, कोणत्याहि क्षणीं चौघांपैकीं एकजण जोर लावीत असावा.

आतां पाळी बांधावयाची तर ती सरळ एक, दोन, तीन, चार अशी कां नसावी? मोजणाऱ्याला तीच सोपी. पण एंजिन मोजण्यासाठीं घडविलेलें नाहीं. चारी दट्टे ज्या दांड्याला जोडलेले असतात त्या क्रँकशाफ्टचा आकार असा असतो कीं, पहिला आणि चौथा दट्ट्या एकदम वर येतात, आणि त्या वेळीं दुसरा व तिसरा खालीं असतात. अशा रचनेमुळें दांड्याचा तोल राहतो. पहिल्यानें जोर लावल्यावर पुढची पाळी दुसऱ्याची किंवा तिसऱ्याची असूं शकते, कारण तेच आतां वर येत आहेत. पण दुसऱ्यानंतर लगेच तिसऱ्याची पाळी येणें शक्य नाहीं. ते दोघे जोडीनें वर येतात आणि जोडीनें खालीं जातात. म्हणून असल्या एंजिनाला दोनच क्रम संभवतात : १-३-४-२ अथवा १-२-४-३. पद्मिनी आणि अँबॅसडर ह्या गाड्यांत पहिला क्रम, तर हेन्री फोर्ड यांच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडींत दुसरा. मारुती ८०० ची गोष्ट वेगळी. तिला सिलिंडरच तीन, आणि क्रम १-३-२.

ही पाळी सांभाळण्याचें काम डिस्ट्रिब्यूटर करतो. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं १९१० च्या सुमारास बॅटरी आणि कॉइल यांची जी योजना मोटारींत रूढ केली, तिचेंच हें अंग. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. कॉइल त्याचे कित्येक हजार व्होल्ट करते. ती वीज एका जाड तारेनें डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणाच्या मध्यभागीं येते. झांकणाखालीं रोटर फिरत असतो आणि भोंवतालच्या चार अग्रांना क्रमानें ती वांटीत जातो. पंगतींत वाढपी वाटीवाटींतून तूप वाढीत जावा, तसेंच हें. रोटर एंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला ६,००० ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदाला १००. रोटर कोणाची ओळख ठेवीत नाहीं. ज्या अग्राला जी तार लागलेली असेल तिला तो वीज देतो. ती योग्य घरीं जाते कीं नाहीं हें पाहणें तारा लावणाराचें काम.

येथेंच माझी चूक झाली. एक, तीन, चार, दोन हे आंकडे मला पाठ होते; पण ते झांकणाभोंवतीं रोटर ज्या दिशेनें फिरतो त्याच दिशेनें लावावयाचे असतात. मीं उलट्या दिशेनें लावले. पाहा काय होतें : उलटें फिरल्यास पहिला आपल्या जागीं, चौथा समोर आपल्याच जागीं, परंतु दुसरा आणि तिसरा यांची अदलाबदल होते. म्हणून एंजिन अगदीं मुकें राहिलें नाहीं, दोन पायांवर लंगडत चाललें. आणि म्हणूनच मिस्त्रींना चार नव्हे, दोनच तारा बदलाव्या लागल्या.

मग ज्वाळा कोठून आली? तिसऱ्या सिलिंडरांत मिश्रण दाबलें गेलें तेव्हां त्याची ठिणगी दुसऱ्यांत पडली. त्या क्षणीं दुसऱ्याचा दट्ट्याहि वर होता, पण धूर टाकण्याच्या फेरीच्या शेवटीं. तेव्हां धुराची झडप मिटत असते आणि मिश्रणाची झडप उघडूं लागलेली असते. आधींच्या पाळींत न पेटलेलें थोडें मिश्रण तेथें उरलेलें होतें. त्यानें पेट घेतला आणि उघड्या झडपेंतून ती आग उलट कार्ब्युरेटरकडे धांवली. एअर क्लीनर जागेवर असता तर तिला अडसर झाला असता. तो मीं काढला होता, आणि त्याच्यावर एका मुलाचें तोंड वांकलेलें होतें.

दुसरी प्रसिद्ध चूक म्हणजे तारा सरळ १-२-३-४ अशा लावणें. तींत एकटा पहिला सिलिंडर खरा राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरांना ठिणगी मिळते, पण अर्धा फेरा उशिरा, म्हणजे दट्ट्या खालीं पोंचल्यावर. तेथें मिश्रण जळतें तें कामाला येत नाहीं. धुराची झडप उघडत असते, तींतून आग सायलेन्सरमध्यें जाते आणि बंदुकीसारखे बार निघतात. ध्यानांत ठेवण्यासारखी खूण अशी : तारांना हात लावल्यानंतर सायलेन्सरमध्यें बार किंवा कार्ब्युरेटरमध्यें शिंक येऊं लागली, तर पेट्रोल, बॅटरी, कॉइल यांच्या मागें न लागतां आधीं तारांचा क्रम पाहावा. आणि स्टार्टर पुन्हां पुन्हां मारूं नये. न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचें तेल धुऊन टाकतें, आणि आगीचा धोका प्रत्येक प्रयत्नाबरोबर वाढतो.

उपाय सोपा आहे, म्हणूनच तो कोणी करीत नाहीं. एका वेळीं एकच तार काढावी, पुसावी आणि जेथली तेथें लावून मग दुसरीला हात घालावा. चारी काढणें भागच असेल तर आधीं प्रत्येकीला चिकटपट्टी लावून तीवर आंकडा लिहावा. झांकणावरहि खूण करावी. आजकाल खिशांत छायाचित्र घेणारा फोन असतो, त्याचा उपयोग करावा. चार तारा चार जागीं लावण्याचे प्रकार २४ होतात आणि त्यांतला खरा एकच.

इतकेंहि करून घोटाळा झालाच तर अंदाजानें अदलाबदल करीत बसूं नये. किल्ली बंद करून बॅटरीची एक तार सोडवावी. पंख्याकडचा तो पहिला सिलिंडर. त्याचा प्लग काढून त्या छिद्रावर बोट दाबून धरावें आणि गाडी वरच्या गिअरमध्यें घालून दुसऱ्याकडून सावकाश पुढें ढकलून घ्यावी. बोटाला हवेचा रेटा लागला कीं दट्ट्या दाबाच्या फेरींत वर येत आहे असें समजावें, आणि पुढच्या पुलीवरची खूण जुळेपर्यंतच पुढें जावें. आतां डिस्ट्रिब्यूटरचें झांकण उचलून रोटरचें तोंड कोणत्या अग्राकडे आहे तें पाहावें. तें पहिल्याचें अग्र. गाडी आणखी थोडी ढकलून रोटर कोणत्या दिशेनें फिरतो तें डोळ्यांनीं पाहावें, कारण सर्व गाड्यांत ही दिशा एक नसते. मग त्या दिशेनें एक, तीन, चार, दोन. म्हणजे तीन गोष्टी लागतात : आरंभ, दिशा आणि क्रम. मला तिसरी तेवढी पाठ होती.

नव्या गाड्यांत हे वाढपी आणि ह्या लांब तारा उरल्या नाहींत. बहुतेकांत प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते. मधल्या काळांतील कांहीं गाड्यांत एकच कॉइल पहिल्या व चौथ्याला एकदम ठिणगी देते, दुसरी कॉइल दुसऱ्या व तिसऱ्याला. तेथें जोडीतल्या जोडींत तारा बदलल्या तर कांहींच बिघडत नाहीं, पण पहिल्याची दुसऱ्याला लागली कीं बिघडतें. शिवाय ह्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. न जळलेलें पेट्रोल त्यांत जाऊन पेटतें आणि तो महागडा भाग आंतून वितळूं शकतो. यंत्र बदललें, तरी पाळी चुकल्याचा दंड राहिलाच. उलट तो वाढला.

माझ्या भाच्याची भिवई दोन महिन्यांत पुन्हां उगवली. आईलाहि आतां स्पष्ट दिसतें. गेल्या दिवाळीच्या आधीं मीं पुन्हां प्लग साफ करावयास घेतले, तेव्हां ती ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, “आधीं त्याला लिहून घेऊं दे.” भाच्यानें चार पट्ट्या कापल्या, चार आंकडे लिहिले, आणि मीं पहिली तार काढण्यापूर्वीं त्या चारी ठिकाणीं चिकटविल्या. एंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालें. त्या पट्ट्या अजून तशाच आहेत. तेलानें काळ्या पडल्या आहेत, पण आंकडे वाचतां येतात.