राउटरपासून टेबलापर्यंत

घरून काम करताना मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला की बहुतेक जण आधी प्लॅन वाढवतात. 100 एमबीपीएसचे 200 होतात, आवाज तुटायचा तो तुटतोच. खरं तर एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. अडचण बहुधा राउटरपासून टेबलापर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांत असते.

बाहेरून येणारी फायबर घरातल्या ओएनटी नावाच्या डब्यात शिरते. प्रकाशाच्या रूपात आलेली माहिती तिथे विजेच्या संकेतांत बदलते. हल्ली राउटरही बऱ्याचदा याच डब्यात असतो. त्यावरचा ‘एलओएस’ दिवा लाल झाला, तर फायबर तुटली किंवा दुमडली आहे असं समजावं आणि कंपनीला फोन करावा.

बसवणारा माणूस वायर सोयीची पडेल तिथे, म्हणजे दाराशी किंवा टीव्हीमागे, डबा लावून जातो. काम चालतं आतल्या खोलीत. मध्ये आरसीसीचा कॉलम, भिंत, लोखंडी कपाट. 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होतं. 2.4 लांब पोचतं, पण सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे राउटरही त्याच पट्ट्यात असतात. एका चॅनेलवर एका वेळी एकाच उपकरणाला बोलता येतं, बाकीची थांबतात. आवाज तुटतो तो या थांबण्यामुळे. 2.4 वर 1, 6 किंवा 11 यांपैकीच एक चॅनेल निवडावं, कारण ही तीन एकमेकांवर चढत नाहीत.

पण खरा इलाज एकच: टेबलापर्यंत लॅन केबल ओढणे. कॅट-6 घ्यावी आणि ती शुद्ध तांब्याची आहे का, हे दुकानात विचारावं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही सर्रास विकली जाते. केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिट वेगाला आठही लागतात. क्रिम्पिंग करताना, म्हणजे टोकाला प्लग बसवताना, एखादी नीट बसली नाही, तर जोडणी बहुधा 100 वर अडकते आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड 1000 दिसतोय ना, हे कारागीर घरात असतानाच पाहून घ्यावं. विजेच्या वायरींच्या पाइपातून ही केबल नेऊ देऊ नये.

वीज जाणं आपल्याकडे नवं नाही. इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या क्षणभरात राउटर रीस्टार्ट होऊ शकतो आणि मीटिंगमधली दोन-तीन मिनिटं जातात. राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो. ॲडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा वाचूनच तो घ्यावा. बहुतेक राउटर 12 व्होल्टचे असतात.

सुरक्षेसाठी राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय, बंद करावी. टीव्ही, कॅमेरा आणि पाहुण्यांचे फोन गेस्ट नेटवर्कवर टाकावेत, ऑफिसचा लॅपटॉप त्यांच्यात नको.

एवढं झाल्यावर लॅपटॉपवरून राउटरला पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून, उत्तराला किती वेळ लागतो ते पाहा. पत्ता बहुधा 192.168.1.1 असतो, नसल्यास राउटरखालच्या लेबलवर मिळेल. उत्तर सतत एक-दोन मिलिसेकंदांत येत असेल, तर घरातलं काम चोख आहे. तरीही आवाज तुटला तर कंपनीकडे तक्रार नोंदवा, आणि प्लॅन वाढवायचा विचार त्यानंतरच करा.