मोगऱ्याखालची बशी

गुढीपाडवा जवळ आला की मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत संध्याकाळी जिना चढताना एखाद्या मजल्यावर मोगऱ्याचा वास येऊ लागतो. अंगण कुणाकडेच नाही, पण खिडकीच्या ग्रिलमध्ये चार-सहा कुंड्या बऱ्याच घरी असतात. मोगरा, जास्वंद, सदाफुली, एखादा अनंत. ही सगळी बहुवर्षायू झाडं. एकदा लावली की वर्षानुवर्षं साथ देतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे थोडं दुर्लक्षही होतं. पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा कर्मचारी दारात येतो, तेव्हा तो फुलं बघत नाही, कुंडी उचलून खालची बशी बघतो. त्या बशीचं खरं काम मात्र आत्ता, चैत्रातच करायचं असतं.

कारण सोपं आहे. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. बशी वाळली तरी अंडी लगेच मरत नाहीत. कोरड्यात ती काही महिने टिकू शकतात. म्हणजे मार्चमध्ये बशीत घातलेली अंडी जूनच्या पहिल्या पावसाची वाट बघत राहतात. पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. बशीतलं पाणी नुसतं ओतून टाकल्याने कडेची अंडी जात नाहीत. आठवड्यातून एकदा काथ्याने किंवा ब्रशने बशी घासून, धुऊन, उन्हात वाळवावी. बाटलीत लावलेल्या मनी प्लांटचं पाणीही आठवड्याला बदलावं आणि बाटली आतून घासावी. झाडांसाठी गॅलरीत पिंपात पाणी साठवत असाल, तर त्यावर घट्ट झाकण हवं. हिवतापाचा अॅनॉफिलिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर 1911 मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यांचा रोख शहरातल्या विहिरींवर होता. बऱ्याच विहिरी बुजल्या. साठलेलं पाणी आपण घरात आणून ठेवलं.

गंमत म्हणजे बशीत साठणारं पाणी झाडालाही नकोच असतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि पानं पिवळी पडतात. ती बघून आपण आणखी पाणी घालतो! दुपारच्या उन्हात जास्वंदीची पानं मान टाकतात, तेव्हाही लगेच पाणी ओतू नये. पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या पुरवठ्यापेक्षा वाढलेला असतो. संध्याकाळी झाड आपोआप सावरतं. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. आत ओल असेल तर थांबा, कोरडं लागलं तर सकाळी लवकर पोटभर पाणी द्या. अर्ध्या तासाने बशीत उतरलेलं पाणी ओतून टाका. मातीवर वाळलेल्या पाल्याचा दोन बोटं थर दिला तर ओल टिकते. रोज पाणी घालूनही माती वर तुंबत असेल, तर कुंडीचं भोक मुळांनी बुजलेलं असतं. ते मोकळं करा.

मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटव्यावर. म्हणून त्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत करतात. ती राहून गेली असेल, तर आता कडक छाटणी नको. एक बहर ओसरला की फुलून गेलेले शेंडे दोन पेरं खाली खुडत जा, नवे फुटवे येतील. पानं दाट पण कळी नाही, अशी तक्रार असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, ऊन. मोगऱ्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. शेजारी नवा टॉवर उभा राहिला असेल तर कुंडीची जागा बदलावी लागेल. दुसरी, खत. नत्र जास्त झालं की झाड पानंच वाढवतं. महिन्यातून एकदा मूठभर शेणखत किंवा गांडूळखत पुरे.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. त्याचा गोड चिकट स्राव खायला मुंग्या येतात आणि बदल्यात त्याची राखणही करतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानं उलटून बघा. सौम्य साबणाचं पाणी संध्याकाळी फवारावं, फार लागण झालेला शेंडा कापून टाकावा. चहाचा चोथा कुंडीत घालायची सवय असेल, तर आधी तो धुऊन घ्या. दूध-साखरेमुळे मुंग्यांना आयतं आमंत्रण मिळतं.

या सगळ्याला आठवड्याचा अर्धा तास लागतो. रविवारी सकाळी चहा झाला की कुंड्या एकेक करून उचला, बश्या घासा, शेंडे खुडा. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर हे काम कुणा एकावर नेमून द्या. एडिस दिवसा चावतो, आणि दिवसभर घरात असतात ती हीच माणसं. ज्या बशीची झाडाला गरज नाही, ती काढूनच टाकली तरी चालेल. फरशीवर थोडं पाणी सांडेल, ते पुसता येतं.