मालमोटारीच्या इंजिनाचा बिघाड : कारण कसे शोधावे?

व्यापाऱ्याचा माल गोदामात असतो तोवर कुलूप-किल्लीने त्याची चिंता मिटते. तो मालमोटारीवर चढला म्हणजे मात्र त्याची सारी भिस्त एका यंत्रावर राहते. निपाणीची तंबाखू घेऊन तवंदीचा घाट चढणारी, बेळगावची भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारी, अथवा फोंडा घाटाने कोकणात जाणारी मोटार वाटेत बंद पडली, तर तोटा केवळ दुरुस्तीचा होत नाही. वायदा चुकतो, माल नासतो, आणि कित्येकदा निर्दोष माणसावर ठपका येतो. हा शेवटचा प्रकार आमच्या हातून घडला आहे; म्हणूनच हा विषय आम्ही सभासद बंधूंपुढे मांडीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीची एक मालमोटार घाटात मंद चालते म्हणून आम्ही तिच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली. डिझेलच्या पंपाचा स्क्रू फिरवून प्रत्येक फवाऱ्यागणिक जाणारे डिझेल वाढविण्यात आले. मोटार घाट झपाट्याने चढू लागली व आम्हांस मोठे समाधान वाटले. पण काही महिन्यांतच, तंबाखूची पोती घेऊन बेळगावकडे निघाली असता, ती तवंदीच्या चढावर थांबली. इंजिन उघडले तो पिस्टन जळालेले! चालकाने गाडी तापविली, असा निवाडा आम्ही गादीवर बसूनच दिला. पगार कापून त्याचा हिशेब चुकता केला, जुने पिस्टन भंगारात घातले आणि नवे बसविले. पुढे दुसऱ्या चालकाच्या हातून तेच इंजिन पुन्हा तसेच गेले, तेव्हा आमचे डोळे उघडले.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या या यंत्रात पिस्टन हवा इतकी दाबतो की ती अतिशय तप्त होते. तीत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटताच तो आपोआप पेट घेतो. शक्ती किती मिळावी हे डिझेलच्या मापाने ठरते. मात्र ते डिझेल पुरते जळण्यास त्या प्रमाणात हवा लागते. ही जादा हवा टर्बो पुरवितो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो व हवा दाबून आत लोटतो. डिझेल वाढविले आणि हवा तेवढीच राहिली, तर काळा धूर निघतो व आतील उष्णता वाढत जाते. बहुतेक इंजिनांत पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते; मिश्रधातू त्याहूनही कमी उष्णतेला नरम पडतो. वाढविलेल्या इंजिनाचा खरा शत्रू हाच.

आता तपासाचा क्रम पाहू. इंजिन अचानक बंद पडल्यास ते पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये; आत पाणी शिरले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रथम चालकास शांतपणे विचारावे : आवाज कसा होता, धूर कोणत्या रंगाचा होता, काटा कोठवर चढला होता, ताकद हळूहळू गेली की एकदम? धुराचा रंग मोठा बोलका असतो. काळा धूर म्हणजे डिझेल जादा वा हवा अपुरी; निळा म्हणजे इंजिन-ऑइल जळते आहे; पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे, अथवा पाण्याची वाफ होत आहे.

नंतर, काही न उघडता, जे दिसते ते पाहावे. डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ असल्यास त्यात पाणी मिसळले आहे. ऑइलची पातळी वाढून त्यास डिझेलचा वास येत असल्यास नोझल वा पंप गळतो आहे. इंजिन चालू स्थितीत असल्यास, ते थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून सुरू करावे. पाण्यात सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही काढू नये. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा चुरा आहे काय ते पाहावे. शेवटी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा.

इंजिन उघडणे अपरिहार्य झाले, तर प्रत्येक भागावर क्रमांक घालून तो जपावा. एकच पिस्टन जळाला असेल, तर दोष बहुधा त्याच सिलिंडरच्या नोझलचा, किंवा त्या पिस्टनवर थंडाव्यासाठी ऑइल उडविणाऱ्या नळीचा. सर्व पिस्टन माथ्यावर सारखेच जळाले असतील, तर कारण सर्वांस समान आहे : डिझेल अधिक किंवा हवा उणी. पिस्टनच्या अंगावर सभोवार ओरखडे असतील, तर पाण्याचा मार्ग पाहावा. बेअरिंग घासून तांबे उघडे पडले असेल, तर ऑइलचा.

दुसऱ्या वेळी बेळगावच्या एका वृद्ध मिस्त्रींनी आमचे पिस्टन गोणपाटावर ओळीने मांडले. सर्वांच्या कडा सारख्याच जळालेल्या होत्या. त्यांनी टर्बोपासून हवेचा मार्ग हाताने चाचपीत नेला आणि रबरी होजच्या खालच्या अंगास, पट्ट्याजवळ, एक चीर दाखविली. गाडी उभी असता ती मिटलेली राही. चढावर दाब वाढला की उघडे. डिझेल आम्ही वाढविले होते आणि हवा वाटेतच निसटत होती! मग आम्हांस आठवले : “चढाला फुसफुस आवाज येतो, धूरही काळा येतो,” असे पहिल्या चालकाने दोनदा सांगितले होते. आम्ही त्यास, “तुम्ही गाडी हाका,” एवढेच म्हटले होते. होज बदलून पंप कारखान्याच्या मूळ मापावर आणविला. चालकाचा कापलेला पगार त्याच्या घरी पोचता केला. तो मात्र तोवर दुसरीकडे कामास लागला होता.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ मानकाच्या मोटारींत धुराची साक्ष पूर्वीइतकी मिळत नाही, कारण काजळी गाळणीत अडते. तेथे संगणकातील दोष-संकेत स्कॅनरने वाचावेत व पुसण्यापूर्वी लिहून घ्यावेत. जुन्या पंपाच्या इंजिनात नोझलच्या नळीचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करीत नाही हे पाहतात. कॉमन रेल इंजिनात असे मुळीच करू नये. तेथील प्रचंड दाबाचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. तसेच, नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये परस्पर करता येत नाही, हेही ध्यानी असावे.

आपल्या भागास यंत्र नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते बेळगावातच; उद्यमबागेत आज ओतकामाचे व यंत्रकामाचे कारखाने उभे आहेत. जाणते हात आपणांस दूर शोधावे लागत नाहीत. उणीव असते ती मालकाच्या धीराची. रोजमेळ जुळला नाही, तर आपण गुमास्त्यास घरी पाठवून वही मिटत नाही. एकेक नोंद ताळून पाहतो. प्रत्येक मोटारीची अशीच एक वही ठेवावी. डिझेल, ऑइल, पाणी यांच्या नोंदींबरोबर चालकाने सांगितलेली तक्रारही तीत त्याच दिवशी लिहावी. आमच्या पेढीवर आता ती ठेवली जाते, आणि तिचे पहिले पान त्या होजच्या नोंदीचे आहे.