रस्ता आणि कायदा (भाग ७) : घरी घडवलेल्या गाडीची हमी कोण देणार?

सेरंगून रोडच्या सुरुवातीला, लिटल इंडिया मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, हँपशायर रोडला एक जुनं आवार आहे. इथे पूर्वी कांडांग कर्बाऊ प्रसूतिरुग्णालय होतं. १९६६ साली त्यात ३९,८३५ बाळं जन्मली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आता त्या आवारात लँड ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटीचं मुख्यालय आहे. बाळांना इथे कुणी नकार देत नव्हतं. गाड्यांना मात्र सर्रास मिळतो.

गाडीत फेरफार करायचे झाले तर सिंगापूरचा कायदा तीन खाती पाडतो. काही बदल विनापरवानगी चालतात. इंजिन बदलणं किंवा टर्बो बसवणं यांसाठी आधी मंजुरी लागते. नायट्रस ऑक्साइडची टाकी, एअर हॉर्न, शोभेचे दिवे हे मात्र कुठल्याच परिस्थितीत चालत नाहीत. काचेवरच्या फिल्मचंही माप ठरलेलं आहे: समोरच्या आणि पुढच्या दारांच्या काचांतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा, मागच्या काचांतून २५ टक्के. तीन वर्षांपर्यंत गाडीला तपासणी नाही, दहा वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा, त्यानंतर दरवर्षी.

सगळी गाडीच घरी बांधण्याची हौस इथे भागणं कठीण. बहुसंख्य लोक सरकारी सदनिकांत राहतात, गाडी बहुमजली वाहनतळात उभी असते. वेल्डिंग करणार कुठे? शिवाय गाडी बाळगण्याच्या दहा वर्षांच्या परवान्याचाच लिलाव होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाडीसाठी हा आकडा १,५०,००१ सिंगापूर डॉलरवर गेला, तोही गाडीची किंमत सोडून. नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१५ साली त्रिमितीय छपाईने काढलेल्या सुमारे १५० भागांचं कवच असलेली विजेची गाडी तयार केली, पण ती मनिलातल्या इंधन बचतीच्या स्पर्धेसाठी.

महाराष्ट्रात जागेची अडचण नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग आणि दुचाकीचं इंजिन घेऊन सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप उभी केली. ती चक्क किक मारून सुरू व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. त्यांनी कल्पकतेला दाद दिली आणि त्याच दमात सांगितलं, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. कौतुक आणि कायदा इतक्या सभ्यपणे क्वचितच एकत्र येतात.

भारतातला कायदा असा : केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे प्रत्येक नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. नोंदणी झालेल्या गाडीसाठी १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ स्पष्ट केला : निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

एवढी कडक भूमिका कशासाठी? बंपरपुढे लावलेला लोखंडी गार्ड बघा. लावणाऱ्याला वाटतं गाडी मजबूत झाली. वास्तविक गाडीचा पुढचा भाग चुरडण्यासाठीच बनवलेला असतो. तो चुरडताना धडकेची ऊर्जा शोषतो. गार्ड तोच धक्का थेट चासीला पोचवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरला चकवूही शकतो. समोर पादचारी असला, तर त्याच्या हाडांना लोखंडच भिडतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने हे गार्ड बेकायदा ठरवले ते यामुळेच. इंजिनाचंही तसंच. वेग १०० वरून १४० झाला की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताकद वाढवून ब्रेक जुनेच ठेवणारा हौशी नेमकं हेच विसरतो. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा वेल्ड वरून देखणा दिसतो, पण त्याच्या शेजारचा तापलेला धातू किती कमकुवत झाला ते डोळ्यांना कळत नाही.

कारखाना नवं मॉडेल विकण्याआधी काही गाड्या मुद्दाम भिंतीवर आपटून पुरावा गोळा करतो. घरी बांधणाऱ्याकडे गाडी एकच. ती आपटली तर चालवायची काय? हा पेच ब्रिटनने बऱ्यापैकी सोडवला आहे. तिथे एकट्यादुकट्या गाडीसाठी वेगळी तपासणी आहे. ब्रेक, स्टिअरिंग, पट्ट्यांचे आधार, आरसे बारकाईने पाहिले जातात. अंगाला लागू शकणाऱ्या बाहेरच्या कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर असावी लागते. गाडी आपटत नाहीत, पण भागन् भाग पारखतात. एआरएआयसारखी संस्था पुण्यात असताना देवराष्ट्रेच्या कारागिरासाठी परवडणाऱ्या शुल्कात अशी वाट काढणं अशक्य नाही. सरकारने ती काढावी.

तोवर सिंगापुरातल्या मराठी वाचकांना एक सूचना. फेरफार केलेली जुनी गाडी घेणार असाल, तर मंजुरीची कागदपत्रं आधी मागा आणि अधिकृत केंद्रात तपासणी करून मगच पैसे द्या. बदल आधीच्या मालकाने केला होता, ही सबब रस्त्यावर अडवल्यावर उपयोगी पडत नाही.