डोमेन-नावाचे वय आणि त्याचे मूल्य

डोमेन-नावांच्या खरेदीविक्रीत ‘जुने नाव’ हे विशेषण किमतीचे समर्थन म्हणून सर्रास पुढे केले जाते. वीस वर्षांपूर्वी नोंदलेले नाव काल नोंदलेल्या नावापेक्षा अधिक मोलाचे, असे त्यामागील गृहीत असते. ते कितपत खरे आहे हे तपासावयास मुंबईची उपनगरे सोयीची आहेत. कारण ‘डॉट इन’ या भारतीय नामक्षेत्राचा आरंभीचा कारभार जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातूनच चालत असे.

प्रथम वय कशाचे मोजले जाते हे पाहिले पाहिजे. डोमेन-नाव कोणाच्याही मालकीचे नसते. शुल्क भरून ते ठराविक मुदतीपुरते, आणि एका वेळी फार तर १० वर्षांसाठी, धारण केले जाते. मुदतीत नूतनीकरण न झाल्यास काही काळाने नाव मोकळे होते व पुढील धारकाच्या नोंदीवर नवी तारीख चढते. चालू नोंद विकली गेल्यास मात्र जुनी तारीख कायम राहते. अर्थात नोंदवहीतील वय हे अखंड नूतनीकरणाचे वय होय, वापराचे नव्हे. पंचवीस वर्षे रिकामे पडून असलेले नावही कागदोपत्री ‘जुने’च ठरते. मुंबईकरास पागडीचा व्यवहार आठवावा. घाटकोपर स्थानकालगतच्या गाळ्याची पागडी जागा मोक्याची म्हणून वाढते. आधीचा भाडेकरू तेथे किती वर्षे बसला होता हे कोणी विचारीत नाही.

‘डॉट इन’ हे क्षेत्र १९८९ मध्ये भारतास मिळाले. आरंभीचे नियम इतके कडक होते की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७००० नावे नोंदली गेली. सर्वसाधारण अर्जदारास ‘को डॉट इन’, ‘एसी डॉट इन’ अशा उपक्षेत्रांखालीच नाव घ्यावे लागे. २००५ च्या आरंभी हा कारभार नव्या नोंदणी-यंत्रणेकडे गेला, व्यापारचिन्हधारकांना काही आठवडे अग्रहक्क मिळाला आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून थेट ‘डॉट इन’खालील नावे सर्वांस खुली झाली. परिणामी, सर्वसाधारण धारकांच्या आखूड व आकर्षक ‘डॉट इन’ नावांतील सर्वांत जुनी नावे एकाच वयाची आहेत. तरीही त्यांच्या किमतींत जमीनअस्मानाचे अंतर पडते. ते अंतर शब्दाच्या आखूडपणातून, अर्थातून व मागणीतून येते. वयातून येणे शक्यच नाही. मात्र अशी नावे पहिल्याच लाटेत उचलली जातात, म्हणून जुनी नावे सरासरीने महाग दिसतात. सहसंबंधास कारण समजण्याची चूक येथे होते.

पवईच्या आयआयटीचे उदाहरण उलट बाजूने बोलके आहे. १९९० च्या दशकात तिचे नाव ‘आयआयटीबी डॉट अर्नेट डॉट इन’ असे होते. पुढे ते ‘आयआयटीबी डॉट एसी डॉट इन’ झाले. जुने नाव मागे पडले म्हणून संस्थेची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही. याउलट ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे १५ मार्च १९८५ रोजी नोंदलेले पहिले ‘डॉट कॉम’ नाव. ती कंपनी लयास गेली आणि २००९ मध्ये ते नाव विकले गेले. तेथे विकत घेण्याजोगे राहिले होते ते केवळ ‘पहिलेपण’, एक प्रकारची दुर्मिळ नाण्याची किंमत.

शोधयंत्रे जुन्या नावास झुकते माप देतात, या समजुतीचे एक मूळ गूगलच्या २००३ मधील एकस्व-अर्जात सापडते. नोंदणीच्या तारखेचा उपयोग कसा करता येईल, याचा त्यात विचार होता. गूगलच्या प्रतिनिधींनी पुढे या समजुतीचे जाहीर खंडन केले. मुदत संपलेली नावे घेऊन त्यांच्या जुन्या लौकिकावर हलका मजकूर वर आणण्याचा प्रकार गूगलने मार्च २०२४ मध्ये गैरव्यवहारांत जमा केला. न्यायालयांची दृष्टीही तारखेपेक्षा वापरावरच आहे. ‘रेडिफ’ प्रकरणात (१९९९) मुंबई उच्च न्यायालयाने ‘रॅडिफ’ या नावास मनाई केली, तर ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने डोमेन-नावास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरला तो आधीच्या वापरातून कमावलेला लौकिक.

या प्रश्नाची सर्वांत मोठी कसोटी अलीकडेच लागली. आर्थिक फसवणुकीस आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव क्षेत्रात जाण्यास सांगितले. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या आयसीआयसीआय बँकेसारख्या बँकेलाही वर्षानुवर्षांचे परिचित नाव बाजूस ठेवून अगदी नव्या नावाकडे यावे लागले. येथे नवे नावच अधिक विश्वसनीय ठरते, कारण ते केवळ बँकांनाच मिळते. तथापि जुन्या नावाचे शुल्क भरणे बँकेस थांबविता येत नाही. मुलुंडच्या एखाद्या खातेदाराने जपून ठेवलेला दुवा, छापील पासबुकावरील पत्ता, जुन्या पत्रव्यवहारातील ई-मेल हे सारे त्या नावाकडेच बोट दाखवितात. ते मोकळे झाले तर उचलणाऱ्यास ग्राहकांचा आयता विश्वास हाती लागेल. वापरातून सोडलेल्या नावाचे मूल्य बँकेच्या दृष्टीने आता एवढेच, की ते दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये.