घराचें खरेदीखत कोणाच्या नांवें?

गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया हा आमच्या नगरांत घरांच्या खरेदी-विक्रीचा ऐन हंगाम. सावेडी, केडगांव, बोल्हेगांव येथें याच सुमारास दलालांची लगबग चालते. घेणारास हा काळ सोयीचाही आहे. बोअरला खरोखर किती पाणी आहे, हें वैशाखांतच कळतें. विकणारानें मुळा धरणाचें नळपाणी किती दिवसांआड येतें तें आधींच सांगावें. घेणारानें इसार देण्यापूर्वीं बिनशेती आदेश व नव्या इमारतीची महारेरा-नोंदणी पाहावी.

परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. खत कोणाच्या नांवें करणार? सरकारनें १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नांवें होणाऱ्या घरखरेदीस मुद्रांक शुल्कांत एक टक्का सूट दिली. ३० लाखांच्या घरास ३० हजार रुपये. तें घर १५ वर्षें पुरुषास विकूं नये ही अटही २०२३ मध्यें उठली. तरी पै-पैचा हिशेब ठेवणारे कित्येक व्यापारी हे ३० हजार मुकाट्यानें सोडतात, आणि वास्तुशांतीस शेजारीं बसलेल्या पत्नीस गृहलक्ष्मी म्हणवितात! मसुदा वकिलाकडे जाण्यापूर्वींच ही गोष्ट घरांत ठरवावी. मागाहून नांव घालावयाचें तर दुसरा दस्त आला, आणि गेलेली सूट कांहीं परत मिळत नाहीं.